एका कुष्ठरोगावर निम्मं विद्यापीठ कामाला लागतं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी लातूरकडची, समाजशास्त्रात बीए करते आहे आणि पुढे एमए, पीएचडी करायचं मनात आहे. घरी मामांचं म्हणणं, "संशोधन डॉक्टर आणि शास्त्रज्ञ करतात, बाकीचे नुसते प्रबंध लिहितात." विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या, वैद्यक अशा विभागांच्या लांबलचक याद्या आहेत, पण तिथे माणसं दिवसभर नेमकं काय करतात हे त्यातून कळत नाही. शिवाय तिचं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्याची धास्ती वेगळीच. तर तिचं विचारणं हे: मामांचं खरं आहे का, आणि नसेल तर मी पुढे काय करावं?

मी स्वतः डॉक्टर आहे. वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवण्यात नोकरी गेली आणि एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीवर, बसून दुसऱ्यांचे संशोधन प्रस्ताव वाचण्यात बरीच वर्षं गेली. तेव्हा मामांना उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे. विभागांच्या याद्या वाचू नका, त्या प्रशासनाच्या सोयीसाठी असतात. एकच विषय घ्या आणि त्यावर कोण कोण काम करतं, प्रत्येकाच्या हातात पुरावा म्हणून काय असतं, ते बघा. मी कुष्ठरोग घेतो, कारण तो आपल्याकडे अजून आहे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात असतात, आणि महाराष्ट्रात गडचिरोली-चंद्रपूरकडे काम केलेल्या कुणालाही विचारा, हा रोग पुस्तकातला नाही.

आधी मामांच्या आवडीची प्रयोगशाळा. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेरहार्ड आर्मोअर हान्सेन या डॉक्टरने १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींमध्ये काडीसारखे जिवाणू पाहिले. त्यानंतर दीडशे वर्षं उलटली, पण हा जिवाणू कृत्रिम माध्यमावर वाढवणं अजून कुणाला जमलेलं नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात तो थोडाफार वाढतो असं दिसलं, १९७१ मध्ये आर्माडिलो नावाच्या खवलेधारी प्राण्यात. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्गापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. आता हिशोब करा. आमचा एमडीचा विद्यार्थी तीन वर्षांत प्रबंध देऊन मोकळा होतो. त्याच्या प्रवेशाच्या दिवशी ज्याला संसर्ग झाला, त्याला चट्टा दिसेपर्यंत हा बहुधा दुसऱ्या गावी दवाखाना टाकून बसलेला असतो. असा रोग एकट्या प्रयोगशाळेला आवरत नाही.

मग कामाला येते ती जुनी कागदपत्रं. नॉर्वेने १८५६ मध्ये देशातल्या सगळ्या कुष्ठरुग्णांची नोंदवही सुरू केली. नाव, गाव, रोग कधी दिसला, कधी दगावला, अशा नोंदी दशकानुदशकं होत राहिल्या. विसाव्या शतकात बर्गेन विद्यापीठातल्या रोगप्रसारतज्ज्ञांनी त्या संगणकावर घेतल्या आणि प्रश्न विचारला: गुणकारी औषध हाती नसताना हा रोग तिथून ओसरला कसा? रुग्णांना वेगळं ठेवल्यामुळे, राहणीमान सुधारल्यामुळे, की लोक देश सोडून गेल्यामुळे? वाद चालू आहे, पण तो घालता येतो तो कुणा कारकुनाने वळणदार अक्षरात भरलेल्या रकान्यांमुळे. बर्गेनचं हे दप्तर २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत गेलं. इतिहासकाराचा कच्चा माल आणि डॉक्टरचा कच्चा माल इथे एकच आहे.

आता आपल्या पुण्याची गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उदयपूरच्या संस्थेबरोबर राजस्थानात बालाथल इथे १९९०च्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत एका मध्यमवयीन पुरुषाचा सांगाडा मिळाला, काळ इसवीसनपूर्व २०००च्या आसपासचा. नाकाच्या भोकाच्या हाडाच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, वरच्या जबड्यात आणि पायाच्या हाडांत आजाराच्या खुणा. अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी मिळून २००९ मध्ये मांडलं की हा कुष्ठरोग असावा, आणि तोही भारतातला सर्वात जुना हाडांतला पुरावा.

पण नाकाचं हाड झिजलं म्हणजे कुष्ठरोग, हे ठरवलं कुणी? विल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सन या डॅनिश डॉक्टरने. रोगी तपासण्याच्या जोडीला हा माणूस मध्ययुगीन मठांची स्मशानं खणायचा. डेन्मार्कमध्ये नेस्टव्हेडजवळ कुष्ठरुग्णांच्या जुन्या आश्रमाची दफनभूमी त्याने १९४०च्या दशकाअखेरीस खणायला घेतली. तिथे पुरलेले लोक कोण होते हे ठाऊक असल्यामुळे, कुष्ठरोग चेहऱ्याच्या हाडांवर काय करतो ते त्याला नीट नोंदवता आलं. नंतर तेच बदल जिवंत रुग्णांतही तपासले गेले. म्हणजे वैद्यकाला रोगाची एक खूण स्मशानातून मिळाली, तीही खणण्याचा नाद असलेल्या डॉक्टरकडून. मामांना हे जरूर सांगा.

बालाथलच्या संशोधकांनी हाडांबरोबर जुन्या ग्रंथांचाही आधार घेतला, आणि इथे संस्कृतवाल्यांना बोलवावंच लागतं. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात अंगावरचे पांढरे डाग घालवण्यासाठी एका काळ्या वनस्पतीला विनवणारी सूक्तं आहेत. तो कुष्ठरोग की कोड? सूक्तांत बोलणं रंगाचं आहे, बधिरपणाचं नाही, आणि कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायचा तो बधिरपणावरून. म्हणून एकट्या सूक्तावर रोगनिदान बसवायला मी तयार नाही. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार येतात, त्यांत त्वचेचे कितीतरी वेगळे आजार एकत्र आहेत. सुश्रुत मात्र बधिर त्वचेबद्दल बोलतो, बोटं झडण्याबद्दल बोलतो, आणि रोग हाडामज्जेत उतरला की नाक बसतं, आवाज जातो असं लिहितो. नाक बसतं! बालाथलच्या कवटीत नेमकं तेच दिसतं. तरी दोघांमध्ये कित्येक शतकांचं अंतर आहे, आणि सुश्रुतसंहितेचा कुठला भाग कधीचा हे सांगायला पाठचिकित्सा करणारा माणूस लागतो. हस्तलिखितं समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा. तो प्रयोगशाळेत पाऊल टाकत नाही, पण त्याने तारीख हलवली तर आमचा रोगाचा इतिहास हलतो.

एक गोष्ट सुटू नये. तो सांगाडा शेण जाळून झालेल्या राखेने भरलेल्या दगडी आवारात मिळाला. राख कशाची आहे हे तपासून सांगता येतं. ती शुद्धीसाठी भरली होती का, याचं उत्तर राखेत नसतं. तिथे संशोधक वैदिक परंपरेकडे वळतात, मला ती उडी लांब वाटते. हाडांचं अनुमान आणि विधीचं अनुमान एकाच निबंधात शेजारी छापलं म्हणून दोन्हींचं वजन सारखं होत नाही. विद्यापीठात शिकायचं असतं ते हे: आपल्या पुराव्याची हद्द कुठे संपते ते ओळखायला.

पुढे इतिहास आणि कायदा. १८९०-९१ मध्ये एक कुष्ठरोग आयोग भारतभर फिरला आणि त्याने सांगितलं की संसर्गाचा धोका फार कमी आहे, सक्तीने डांबून ठेवायची गरज नाही. तरीही १८९८ मध्ये लेपर्स ॲक्ट आला. त्याची भाषा वाचली की गंमत कळते. त्याचा रोख होता गरीब, भीक मागणाऱ्या, पोटापाण्याचं साधन नसलेल्या रुग्णावर. घरंदाज रुग्ण आपल्या माडीवर राहिला तरी कायद्याला फारशी अडचण नव्हती. म्हणजे हा कायदा जिवाणूच्या मागे होता की रस्त्यावरच्या भिकाऱ्याच्या, हा प्रश्न सूक्ष्मदर्शक सोडवणार नाही. त्यासाठी पुराभिलेखागारात बसून महापालिकेचा पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रांतल्या तक्रारी वाचाव्या लागतात.

मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम निघाला, तो पालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने. वडाळ्याचं ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असतं: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे ॲक्वर्थ तेच. शाहिरांची कवनं जमवणारा आणि रस्त्यावरचे कुष्ठरुग्ण हलवणारा अधिकारी एकच होता. मराठीचा आणि इतिहासाचा विभाग एकमेकांकडे चहाला गेले तर यावर एक चांगला प्रबंध निघेल. अजून कुणी केला नसेल तर तुम्हीच बघा.

लेपर्स ॲक्ट केंद्राच्या कायदेपुस्तकातून गेला २०१६ मध्ये. बहुविध औषधोपचार, आम्ही ज्याला एमडीटी म्हणतो, तो राष्ट्रीय कार्यक्रमात १९८३ पासून आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. पण जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येणं बंद झालं २०१९ मध्ये, पाच वैयक्तिक कायदे दुरुस्त करून. बरा होणारा आजार छत्तीस वर्षं घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात राहिला. औषध पोचलं तरी कायदा का पोचत नाही, हा विधी आणि राज्यशास्त्राचा प्रश्न, आणि त्याचे परिणाम माझ्या ओपीडीत येऊन बसलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या समाजशास्त्राकडे येतो. लोक रोग लपवतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती लपवतात, कुणापासून, आणि उपचारांनंतर त्यात फरक पडतो का? हे मोजायची एक पद्धत मुंबईतल्या कुष्ठरुग्णांशी बोलूनच तयार झाली. मिचेल वाइस हे मानसोपचार आणि मानववंशशास्त्र दोन्ही जाणणारे अमेरिकी संशोधक आणि मुंबईचे डॉक्टर यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण स्वतःच्या आजाराचा अर्थ काय लावतो इथून ती मुलाखत सुरू होते. मग प्रश्न येतात: हे इतरांना कळू नये असं वाटतं का, घरच्यांची पत कमी होईल का, घरातल्या कुणाच्या लग्नाला अडचण येईल का. उत्तरांना गुण. पुढे ही पद्धत इतर आजारांसाठी आणि इतर देशांतही वापरली गेली.

कागदावर हे सोपं दिसतं. गावात लग्नाचा प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा सून उत्तर देण्याआधी दाराकडे बघते, कारण उंबऱ्यात सासू उभी असते. "नाही हो, तसं काही नाही." फॉर्मवर शून्य गुण. अनुभवी मुलाखतकर्ती तिथे पेन खाली ठेवते, पाणी मागते, सासूबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी करते आणि तो प्रश्न दुसऱ्या दिवशी विहिरीवर विचारते. मग त्याच प्रश्नाला पूर्ण गुण मिळतात. आता यातलं खरं उत्तर कुठलं, दोन्ही उत्तरं नोंदवायची कशी, आणि पन्नास गावांतल्या मुलाखतकर्त्यांनी हे सारख्याच पद्धतीने करावं म्हणून प्रशिक्षण काय द्यायचं, हे सामाजिक शास्त्रांचं कौशल्य आहे. आमचे निवासी डॉक्टर ते जाता-येता करू बघतात आणि सगळीकडे शून्य घेऊन येतात.

आकड्यांचं आणखी एक. डिसेंबर २००५ मध्ये भारताने जाहीर केलं की कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही, कारण दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. पण मोजत होते कुणाला? त्या क्षणी उपचारांच्या यादीवर असलेल्यांना. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या शेवटी, अंगात जास्त जिवाणू असलेल्या प्रकारच्या रुग्णांचा औषधकाळ दोन वर्षांवरून एक वर्षावर आणला गेला. रुग्ण यादीवर निम्मा काळ राहिला की एक नवा माणूस कमी न होताही यादी आक्रसते. घट सगळी कागदावरचीच होती असं मी म्हणत नाही, एमडीटीने खरंच मोठं काम केलं. पण घटीतला खरा वाटा आणि हिशोबातला वाटा वेगळा काढायला संख्याशास्त्र लागतं, आणि दहा हजारांत एक हीच रेघ का ओढली हे समजायला धोरणाचा अभ्यास. पुढे २०१६ पासून घरोघरी शोधमोहिमा घ्याव्या लागल्या आणि लपलेले रुग्ण सापडले. यादी लहान झाली होती, रोग तितका नाही.

आता वैद्यकातलं सर्वात कडक मानलं जाणारं काम, यादृच्छिक चाचणी, म्हणजे औषध कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेली तुलना. बांगलादेशात रुग्णांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिन या जिवाणूनाशक औषधाचा एकच डोस देऊन पाहिला. एकवीस हजारांहून अधिक लोक त्यात होते. पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं, निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. उत्तम काम. पण ही गोळी शेजाऱ्याला द्यायची तर त्याला कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगितलं की शेजारी कुणाला रोग आहे हे गावभर होतं. चाचणीने गोळीचा गुण सांगितला. गोळी घरात नेण्याची किंमत कोण मोजतं हे सांगायला परत ती विहिरीवर बोलणारी मुलाखतकर्ती हवी.

एथिक्सचा मुद्दा वेगळा काढत नाही, तो सगळ्यातच मुरलेला आहे. हान्सेनने १८७९ मध्ये एका स्त्री रुग्णाच्या डोळ्यात तिला न विचारता कुष्ठरोगाचा अंश टोचला. संसर्ग सिद्ध करायचा होता. बर्गेनच्या न्यायालयाने १८८० मध्ये त्याला रुग्णालयातल्या पदावरून काढलं. जिवाणू शोधून जगभर नाव झालेल्या माणसाला! आमच्या कमिटीपुढे असलं काही येत नाही, पण समाजशास्त्राचे प्रस्ताव "नुसते प्रश्न तर विचारायचेत" म्हणून बिनधास्त येतात. कुष्ठरोग कार्यक्रमाचं नाव लिहिलेली जीप दारात उभी राहिली की मुलाखतीआधीच इजा होऊन गेलेली असते. असा एक प्रस्ताव आम्ही परत पाठवला आणि लिहिलं: गाडी गावाबाहेर लावा, सगळ्याच घरांत जा.

मग तुम्ही काय करावं? आपल्याकडे एक व्यावहारिक अडचण आहे, ती माहीत असू द्या. महाराष्ट्रातली वैद्यकीय महाविद्यालयं १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. प्रशासनाला सोयीचं झालं असेल, पण समाजशास्त्र विभाग आणि मेडिकल कॉलेज एका विद्यापीठात राहिले नाहीत. दोघांना जोडणारा रस्ता तुम्हालाच शोधावा लागतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य केंद्र, अशा मोजक्या जागी दोन्हीकडची माणसं एका छताखाली भेटतात. एमएसाठी त्या आधी बघा.

पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षं. ही सहा वर्षं तुम्ही रोज कशासमोर बसणार हे आधी ठरवा. अनोळखी घरांत जाऊन बोलायला आवडतं का? की जुने कागद? की आकड्यांची फाइल? ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा येतो त्याने क्षेत्रकार्य घेऊ नये, विषय कितीही भारी वाटला तरी. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि फक्त दोन गोष्टी विचारा: प्रकरण वाचून किती दिवसांत परत मिळतं, आणि शेवटी नाव कुणाचं पुढे लागतं. पैशांसाठी नेट-जेआरएफ आहेच, शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या तुम्हाला लागू होतात का ते पाहा. आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचीही असते.

मराठी माध्यमाचं म्हणाल तर इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, त्याला इलाज नाही. रोज दोन पानं, शब्दकोश शेजारी ठेवून, बीए संपेपर्यंत. पण क्षेत्रटिपणं मराठीतच लिहा, बाई जशी बोलली तशी, तिच्या बोलीत. इंग्रजीत थेट उतरवून घेणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, त्यांच्या वहीत सगळ्या बायका एकसारख्या बोलतात. आणि जमलं तर मोडी शिका. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं. मोडी वाचणारा आणि आरोग्याच्या प्रश्नात रस असलेला विद्यार्थी आमच्याकडे आला, तर त्याला पहिल्याच दिवशी टेबल मिळेल.